वर घ्या, खाली न्या

मानवतला बसस्टँडमागच्या गल्लीत सुगत वाव्हळे नावाचा एक तरुण राहतो आणि तो काय काम करतो हे गल्लीत कुणालाही सांगता येत नाही. यात गल्लीची काही चूक नाही. खुद्द सुगतलाही ते एका दमात सांगता येत नाही. पुण्याच्या एका कंपनीत तो घरबसल्या कामाला आहे आणि ती कंपनी कॉम्प्युटरवर लिहायचं एक साधन बनवते. त्यात सगळा मजकूर ठोकळ्याठोकळ्यानं लिहायचा. मथळा हा एक ठोकळा, परिच्छेद दुसरा, फोटो तिसरा. हे ठोकळे वर सरकवायचे, खाली सरकवायचे, पुसायचे, चुकून पुसले तर परत आणायचे. त्यासाठी जी बटणं लागतात ती कुठं असावीत, केवढी असावीत आणि कधी दिसावीत हे ठरवायचं, एवढं सुगतचं काम. आता हे तुम्ही तुमच्या शेजाऱ्याला सांगून बघा.

सुगतनं सांगून बघितलं होतं. शेजारचे किशनराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म मानवतच्या स्टँडवर कोणती गाडी कुठं लागेल हे माईकवरून सांगण्यात गेला, त्यामुळं घरात मीठ मागितलं तरी आवाज गल्लीच्या टोकाला जातो. त्यांनी सुगतचं सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "म्हंजे लिहिनारा येगळा?"

"हो."

"छापनारा येगळा?"

"हो काका."

"मंग तू मधी कामून हायस?"

सुगत घरात निघून आला आणि त्या दिवशी जेवलासुद्धा कमीच.

पण किशनरावांचं सोडा, ते परके. सुगतला खरं झोंबायचं ते वडिलांचं बोलणं. भगवानराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. टिपणी अशी लिहायचे की साहेब सही करताना दोनदा वाचायचे, एकदा कामासाठी आणि एकदा अक्षरासाठी. अशा माणसाला कुणी विचारलं की "चिरंजीव काय करतात?", तर ते म्हणायचे, "हाय कॉम्प्युटरचं कायतरी," आणि लगेच नळाला पाणी कधी येणार तो विषय काढायचे. त्या 'कायतरी'चा काटा सुगतच्या मनात बरीच वर्षं रुतून बसला होता.

अशात सुकेशनीचं, म्हणजे सुगतच्या बहिणीचं लग्न ठरलं. ती सेलूला बँकेत, नवरा मुलगा पूर्णेला रेल्वेत. स्थळ चांगलं, मुलगा चांगला, मंडळी समजूतदार, कसलीच तक्रार नाही. आणि जिथं कसलीच तक्रार नसते तिथं आपल्याकडं लग्नपत्रिका असते.

आपल्याकडच्या पत्रिकेबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. सगळ्यात वर 'नमो बुद्धाय, जय भीम'. त्याखाली मुलगा-मुलगी. त्याखाली वेळ, विहार, भोजन. इथवर सगळं गोडीगुलाबीचं. खरी पत्रिका सुरू होते ती त्यानंतर, जिथं नावं येतात. आत्या, मामा, काका, चुलते, भाऊबंद, प्रत्येक नावाआधी 'आयु.', म्हणजे आयुष्मान किंवा आयुष्मती, आणि नावापुढं कंसात हुद्दा. आमच्या भागात पत्रिका हातात पडली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, मग आपल्यावर कोण आहे ते बघतो, आणि रागराग करून झाला की मग लग्न कुणाचं आहे ते वाचतो.

भगवानरावांनी फुलस्केप कागदावर मसुदा लिहून काढला. सुगतनं तो हातात घेतला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. मामा, आयु. नागनाथराव, वालूर (सेवानिवृत्त केंद्रप्रमुख). शेजारी, आयु. किशनराव (सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक). चुलतभाऊ, आयु. जीवन (युवा नेते). या जीवननं आजवर स्वतःची मोटारसायकल सोडून कशाचंही नेतृत्व केलेलं नव्हतं, तरी कंस मिळाला. आणि शेवटी, आयु. सुगत. पुढं काहीच नाही. कंससुद्धा नाही.

"पप्पा, माझ्यापुढं काय?"

"काय लिहू? लोकांला वाचून कळलं पायजे ना."

"इंजिनिअर लिहा."

"इंजिनिअर लिहिलं की लोक घराचा नकाशा मागत्यात. मी सगळ्यांला न्हाई म्हनत बसू व्हय?" आणि मग जरा नरमाईनं, "राहू दे रे. घरचाच हायस तू."

घरचाच असणं हा काही हुद्दा नव्हे. सुगत वर खोलीत जाऊन बसला. तेवढ्यात पुण्याहून राजेश्री मॅडमचा फोन. या त्याच्या वरिष्ठ. त्यांनी सांगितलं की बटणांचे दोन नमुने तयार आहेत, एक सुगतचा आणि एक पुण्यातल्या मंडळींचा. सोमवारी दोन्ही बघायचे. ज्यांनी असलं साधन जन्मात पाहिलेलं नाही अशा माणसांच्या हातून काहीतरी खरंखुरं लिहून आणा, म्हणाल्या. ज्याचा नमुना त्यांच्या हातात चालेल तो ठेवू, दुसरा बाजूला.

सुगत खाली आला तो पायऱ्या न मोजता. "पप्पा, पत्रिका आमच्या त्या लिहायच्या साधनावर, माझ्या एडिटरवर लिहा."

भगवानरावांनी चष्म्यावरून बघितलं. मुलाच्या तोंडावरची आशा त्यांना दिसली असावी, कारण ते म्हणाले, "ठीक हाय. पर काम पद्धतशीर व्हाया पायजे."

सुगतचा पहिला नमुना लय देखणा होता. पडद्यावर मजकुराखेरीज काही दिसायचं नाही, सगळं स्वच्छ. ठोकळ्याला बोट लावलं की डाव्या अंगाला सहा बारीक फिकट ठिपके उमटायचे. ते ठिपके म्हणजे मूठ. ती धरायची आणि ठोकळा हवा तिकडं ओढायचा. या सहा ठिपक्यांवर सुगतनं किती जीव लावला होता ते त्याचं त्याला माहीत.

भगवानराव सुकेशनीचा टॅब मांडीवर घेऊन बसले. मजकूर चढवला. नवरीच्या नावाला बोट लागलं, ठिपके उमटले. भगवानरावांनी टॅब जवळ घेतला, लांब धरला, खिशातून रुमाल काढला आणि ते ठिपके पुसायला लागले. पुसता पुसता नवरीचा ठोकळा खाली घसरला, वेळेच्या खाली गेला, विहाराच्या खाली गेला आणि भोजनाच्याही खाली जाऊन नाहीसा झाला.

"अरे! पोरगी कुठं गेली?" भगवानराव ओरडले.

आत भाकरी थापत असलेल्या केशरबाई, सुगतची आई, पिठाच्या हातानं बाहेर धावल्या. "कुठं गेली म्हंजे? आत्ता तर चहा पिऊन गेली!"

"तशी न्हवं! पत्रिकेतून गेली! ह्याच्या काचेवर माशा बसून घाण करायल्यात. तेवढी पुसली तर पोरगी गायब."

"पप्पा, ती घाण नाही, ती मूठ आहे," सुगत कळवळून म्हणाला. "धरायची असते."

"अशी मूठ असती व्हय?"

"जगभर असलीच असते. जगभर हे सहा ठिपके चालतात."

"जगभर चालू दे की. मानवतला कुठं चालायलेत?"

सुगत दुखावला. कलावंत माणूस, दुखावणारच. मग त्यानं गुपचूप ठिपके काढून टाकले. त्या जागी सरळ शब्द लिहिले. 'वर घ्या.' 'खाली न्या.' 'पुसा.' हे करताना त्याला आपण जिलेबीच्या दुकानाची पाटी रंगवतोय असं वाटत होतं, पण केलं.

बातमी भिंतीपलीकडं गेलीच होती. किशनराव सल्ला द्यायला आले. "अक्षर मोठं कर. गाडीवरची पाटी लांबून वाचता आली पायजे. न्हाईतर पाथरीची मानसं परभनीच्या गाडीत बसत्यात आन मंग शिव्या कंट्रोलरला. आन रंग दे. नुसतं पांढऱ्यावर पांढरं कोन वाचनार?" सुगतनं 'हो काका' म्हणून वेळ मारून नेली. ते गेल्यावर अक्षर मोठं केलं आणि रंगही दिला.

मग केशरबाईंनी हात लावला. त्यांना स्वतःचं नाव एक पायरी वर घ्यायचं होतं, नवरीची आई म्हणून तेवढा हक्क होताच. पण 'वर घ्या'ला चिकटूनच 'पुसा' होतं, पिठाचं बोट तिकडं पडलं आणि केशरबाई पत्रिकेतून नाहीशा झाल्या. "माझ्याच लेकीच्या लग्नातून मला काढलं का रे?" त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की सुगतला घाम फुटला. त्यानं 'पुसा' उचलून पार दुसऱ्या कडेला नेऊन ठेवलं आणि शेजारी 'परत आणा' बसवलं. केशरबाई परत आल्या, पण रुसवा चहापर्यंत टिकला.

संध्याकाळी भगवानरावांनी टॅब घेतला तो सोडेचनात. 'वर घ्या' दाबलं की ठोकळा वर, 'खाली न्या' दाबलं की खाली. नोकरीत कधी एवढी आज्ञाधारक फाईल त्यांना भेटली नव्हती. त्यांनी किशनरावांना वर घेतलं, खाली नेलं, पुन्हा वर घेतलं आणि "बगा, तुमची बदली झाली," असं भिंतीवरून ओरडून सांगितलं. सुगतनं जिन्यातून हे बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. आता तो कंस फार लांब नाही असं त्याला वाटायला लागलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण भगवानराव पडले तहसीलचे. कुठलीही गोष्ट अंतिम करण्याआधी हरकती आणि सूचना मागवायच्या असतात, हे त्यांच्या रक्तात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्रिकेची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'मसुदा अवलोकनार्थ. आपापली नावे तपासून घ्यावीत.' आणि सुगतनं चाचणीसाठी ती लिंक सगळ्यांना उघडी ठेवलेली. कुणीही यावं, कुठलाही ठोकळा हलवावा.

सुगत लॅपटॉप उघडून पोहे खात बसला होता. बघतो तर पडद्यावर एक ठोकळा आपोआप हलला. आयु. सुलाबाई, ताडकळस. ही भगवानरावांची थोरली बहीण. भगवानराव परभणीला शिकायला होते तेव्हा हिनं ताडकळसहून रोजच्या गाडीनं भाकरीचा डबा पाठवला, त्यामुळं या घरात तिचा शब्द खाली पडत नाही. सुलाबाई मामाच्या वर जाऊन बसली. पोह्याचा घास व्हायच्या आत मामा तिच्या वर. पुन्हा सुलाबाई वर. मधल्या मध्ये जीवन (युवा नेते) दोघांच्या वर. आजोळचे, भाऊबंदांचे, ज्यांची नावं सुगतनं कधी ऐकली नव्हती तेही ठोकळे चढायला लागले.

वालूरला नागनाथमामा फोन घेऊन गच्चीवर उभे होते. त्यांच्याकडं रेंज अशी की बटण दाबलं तरी काही होत नाही. मामा मास्तर माणूस, चिवट. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिले. मग रेंज आली आणि मामांनी दाबलेलं सगळं एकदम पोचलं. मामांचा ठोकळा सुलाबाईवरून गेला, भोजनावरून, विहारावरून, नवरा-नवरीवरून गेला आणि पार 'नमो बुद्धाय'च्या वर जाऊन थांबला.

खालून भगवानरावांचा आवाज आला. "सुगत! तथागताच्या वर कोन बसलंय?"

मामांचाच फोन आधी आला. बिचारे रडकुंडीला आले होते. "भगवानराव, आवो मी न्हाई चढलो, देवाशप्पथ, आपलं, काय म्हनतात ते, आईशप्पथ! मला एवढं वर जायचंच नव्हतं. मला फक्त अक्काच्या वर जायचं होतं!"

मामांचा फोन स्पीकरवर होता, आणि हे शेवटचं वाक्य ते अशा वेळी बोलले की केशरबाईंनी धरलेल्या दुसऱ्या फोनवर अक्का, म्हणजे सुलाबाईच होती. सुलाबाईनं ते ऐकलं. "भगवान," ती म्हणाली, "तुझा मेव्हना तुला गोड लागू दे. मी कुठं हाय ते बघ एकदा. जेवनाच्या टायमाच्या खाली! मंग मी जेवनाच्याच टायमाला येते, जेवते आन जाते. न्हाई, तेबी न्हाई. मी लग्नाला येतच न्हाई." आणि फोन ठेवला.

आत्या नाही म्हणजे नवरीच्या डोक्यावर हात कोण ठेवणार? सुकेशनी डोळे पुसत आत गेली. भगवानराव सुगतकडं वळले. "कायतरी करतोस, कायतरी करतोस म्हनून मी गप होतो. आता केलंस कायतरी."

सुगत मान खाली घालून वर आला. वाईट वाटायलाच पाहिजे होतं, वाटलंही. पण खरं सांगायचं तर, त्या वाईटाच्या खाली कुठंतरी एक बारकीशी गुदगुली होत होती. सुलाबाई आत्या! जिला फोनचा चार्जर कुठल्या बाजूनं घालायचा ते विचारावं लागतं, तिनं त्याचं बटण कुणालाही न विचारता दाबलं होतं. आख्ख्या गोतावळ्यानं दाबलं होतं. एवढी भांडणं झाली, पण 'हे कसं करायचं?' म्हणून एकाचाही फोन आला नव्हता. असा नमुना पुण्यात तरी कुणी बनवला असेल का? सुगतला हसू आलं, आणि तेवढ्यात केशरबाई चहा घेऊन वर आल्या.

"आत्या रुसली आन तू हसायलास?"

"नाही गं आई." पण चहा पिताना पुन्हा आलंच.

दुपारी तो खाली गेला आणि म्हणाला, "पप्पा, सगळ्या ठोकळ्यांना कुलूप लावतो. कुणी हलवूच शकणार नाही."

"म्हंजे सगळा दोष माझ्यावर. कुनाला कुठं बसवलं ते मी ठरवलं असं व्हईल." भगवानराव ओसरीत येरझाऱ्या घालत होते. मग थांबले. तहसीलमध्ये असताना चेहऱ्यावर जे तेज असायचं ते परत आलं. "रे, शेताची हद्द हलवायची असली तर आपन काय करतो? शेजारच्याला नोटीस देतो. त्याची हरकत हाय का, इचारतो. न इचारता खुंटा हलवला की मंग कोर्ट."

सुगत मग "थांबा," म्हणून जो वर पळाला तो कितीतरी वेळ खाली आलाच नाही. भगवानराव दर थोड्या वेळानं जिन्यातून ओरडून कलमं सांगत होते आणि सुगत वरून "बसवलं!" म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा बापलेक एका फाईलवर काम करत होते. मधून मधून चौकातल्या प्रेसवाल्याचा फोन येत होता की बाकीच्या पत्रिका मशीनवर चढल्या, तुमची कुठं आहे, आणि केशरबाई त्याला "निघालीच बगा" म्हणून सांगत होत्या.

नवा कायदा सोपा होता. प्रत्येक ठोकळा ज्याचा त्याच्या नावावर. कुणाच्या ठोकळ्यावरून जायचं असेल किंवा कुणाच्या ठोकळ्याला हात लावायचा असेल, तर आधी त्याच्या फोनवर प्रश्न जाणार, 'हरकत आहे का?' त्याखाली दोन मोठी बटणं. डावीकडं लाल, 'हरकत आहे'. उजवीकडं हिरवं, 'हरकत नाही'. रंग किशनरावांच्या सल्ल्यानं.

पत्रिका पूर्वपदावर आणली. मग भगवानरावांनी सुलाबाईला मामाच्या वर घेण्यासाठी बटण दाबलं. वालूरला मामांच्या फोनवर प्रश्न गेला. 'आयु. सुलाबाई यांना तुमच्या वर घ्यायचे आहे. तुमची हरकत आहे का?'

मामांचा लगेच फोन. "आवो, हे काय इचारनं झालं? हरकत कसली? अक्का मोठ्या हायत. मी म्हनतो, इचारायचंच कामून?" आणि हिरवं दाबलं.

सकाळी याच माणसानं याच अक्काच्या वर जाण्यासाठी गच्चीवर उभं राहून अंगठा झिजवला होता. पण आपली माणसं तशीच. न विचारता कुणी पुढं बसलं की अंगावर जातात, आणि 'बसू का?' म्हटलं की सतरंजीच सोडून उठतात.

मामांनी हरकत नाही म्हटल्याचं ताडकळसला सुलाबाईच्या फोनवर दिसलं. मग भगवानरावांचा फोन वाजला. आवाज बदललेला होता. "नागनाथ असं म्हनला व्हय? चांगलं मानूस हाय बिचारं. भगवान, पोरीचा मामा हाय तो. मामाचा मान मोठा. मला खाली ने."

"अक्का, तू लग्नाला येनार न्हाई म्हनली होतीस."

"कोन म्हनलं? माझ्या पोरीच्या लग्नाला मी येनार न्हाई? तू बी काहीबाही ऐकतोस."

सुटलो एकदाचे, असं म्हणून भगवानराव खुर्चीत बसतात न बसतात तोच नवीनच प्रकार सुरू झाला. सुलाबाईनं स्वतःला खाली नेलं. मामांना ते बघवेना, त्यांनी स्वतःला तिच्या खाली नेलं. जीवनलाही सुबुद्धी झाली, युवा नेते थोरांच्या पायाशी जाऊन बसले. किशनराव भिंतीपलीकडून ओरडले, "मी तर परका, मला सगळ्यात खाली घ्या!" स्वतः खाली जायला हरकत कुणाची घ्यायची? सुगतनं ते कलम केलंच नव्हतं. बघता बघता सगळा गोतावळा 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत पत्रिकेच्या तळाला प्रेसच्या पत्त्याखाली जाऊन बसला आणि वर नुसती नवरा-नवरी राहिली. भोजनाच्या वेळेला बोलवायला माणूस नाही.

"आता?" भगवानरावांनी कपाळाला हात लावला.

आतून सुकेशनी आली. दिवसभर तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. "मला इचारा की कुनीतरी," ती म्हणाली. "लग्न माझं हाय ना? पंगतीत कोन वर असतं का? आत्याला आन मामाला शेजारी शेजारी बसवा."

सुगतनं कपाळावर हात मारून घेतला. एवढा शिकलेला, पण ठोकळे एकाशेजारी एक बसू शकतात हे त्याच्या बटणांत कुठंच नव्हतं. तो पुन्हा जिना चढला. चहा होईस्तोवर नवीन बटण आलं, 'शेजारी बसवा'. सुकेशनीनं स्वतःच्या हातानं दाबलं. वालूरहून हरकत नाही. ताडकळसहून हरकत नाही, वर आत्याचा निरोप की माझी मानाची साडी हिरवी घे.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर बैठक होती. भगवानराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सुगतच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बोलावलं नव्हतं, पण आपण या प्रकरणात पक्षकार आहोत असं त्यांचं म्हणणं. राजेश्री मॅडमनी पत्रिका बघितली, हरकतीचं बटण बघितलं, पंगतीचं बघितलं.

"आणि आत्यांनी हे कुणालाही न विचारता वापरलं?" त्यांनी विचारलं.

"न इचारता वापरलं म्हनूनच तर एवढं रामायन, मॅडम," भगवानराव म्हणाले. सुगतनं डोळे मिटून घेतले.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काका, आता हा दुसरा नमुना जरा बघता का?" पुण्यातल्या मंडळींचा नमुना टॅबच्या पडद्यावर आला. स्वच्छ, सुंदर, काही नाही. भगवानरावांनी बोट लावलं. डाव्या अंगाला सहा बारीक ठिपके उमटले. भगवानरावांनी पडदा जवळून बघितला आणि खिशातून रुमाल काढला.

पुढं फार चर्चा झाली नाही. सुगतचा नमुना राहिला. हरकतीच्या बटणाचं पुण्यात कौतुक झालं आणि मॅडमनी भगवानरावांना नमस्कार सांगितला. भगवानराव त्यावर "ठीक हाय" एवढंच म्हणाले आणि टॅब घेऊन खाली निघून गेले. सुगत वाट बघत होता. वडील काहीतरी बोलतील असं त्याला वाटलं होतं. जिन्यातून फक्त केशरबाईंना विचारलेलं ऐकू आलं की नळाला पाणी आलं का. सुगतला वाटलं, झालं, आपण आहोत तिथंच आहोत. कायतरी.

संध्याकाळी पत्रिका प्रेसला जायची होती. सुगत शेवटची नजर टाकत बसला होता तेवढ्यात त्याच्याच पडद्यावर प्रश्न उमटला. 'आयु. भगवानराव यांना तुमच्या ठोकळ्यात बदल करायचा आहे. तुमची हरकत आहे का?'

त्यानं बदल उघडला. त्याचं नाव तळातून उचलून भावंडांत सगळ्यात वर आणलेलं होतं. युवा नेत्यांनी हरकत नाही म्हणून कळवलेलं होतं. आणि नावापुढं कंस होता. त्यात टिपणीच्या भाषेत, एकही काना-मात्रा न चुकवता लिहिलं होतं, 'यांनी बनविलेली बटणे सुलाबाई यांनाही कोणास न विचारता दाबता येतात.' खाली सुलाबाईची हरकत नाही अशी नोंद होती. रीतसर.

सुगतनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग हात पुढं केला आणि तसाच थांबला. एवढी मोठी अक्षरं, एवढे भडक रंग, स्वतःच्या हातानं बसवलेलं, पण त्याला ते बटण दिसेचना. सगळा पडदा पाण्यात गेल्यासारखा झाला होता.

खालून भगवानरावांचा आवाज आला. "सुगत! दाब की लवकर! प्रेसवाला खोळंबलाय!"

"दाबतो, पप्पा."

"सापडंना का? अरे, उजव्या बाजूला हाय. हिरवं!"